वळवाची वादळे, आखाडा बाळापूर परिसरातील
मोसमी पावसापूर्वी मेघगर्जना, विजा, सोसाट्याचा वारा आणि कधीकधी गारा यांसह येणारी अल्पकालीन वादळे. एप्रिल–मेमधील अशा पावसास ‘वळीव’, तर रबीच्या सुगीत येणाऱ्या पावसास ‘अवकाळी’ म्हणतात. आखाडा बाळापूर हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील, हिंगोली–नांदेड मार्गावरील बाजारपेठेचे गाव. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे येथील पूर्वीच्या वादळांचा इतिहास परभणी जिल्ह्याच्या व १९४८ पूर्वीचा हैदराबाद संस्थानाच्या इतिहासात मोडतो.

तापलेल्या भूपृष्ठावरून वर चढणाऱ्या हवेस समुद्रावरील बाष्पाची जोड मिळाली म्हणजे गर्जन्मेघ तयार होतात. त्यांच्या जोरदार ऊर्ध्व प्रवाहांत जलबिंदू गोठून गारा बनतात. मार्चमध्ये गोठणपातळी मेच्या मानाने खाली असल्याने गारा वाटेत कमी वितळतात. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे गारांनी २४६ माणसे दगावली. महाराष्ट्रात फेब्रुवारीअखेर ते मार्च २०१४ मधील गारपीट विशेष विध्वंसक ठरली. मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात गहू, हरभरा, ज्वारी व फळबागा उद्ध्वस्त झाल्या. मार्च–एप्रिल २०२३ मध्येही मराठवाड्यास अवकाळी पावसाचा तडाखा बसला.

वादळाची हानी त्याच्या जोरावर तशीच पीकपद्धतीवरही अवलंबून असते. सिंचनाच्या सोयीमुळे या भागात हळद व केळी ही पिके वाढली. वाऱ्याने केळी मोडून पडते. हळदीची काढणी, शिजवणे व वाळवणे ही कामे नेमकी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. शिजवलेली हळद दहा-पंधरा दिवस उघड्यावर पसरलेली असते. ती भिजल्यास रंग उतरतो, बुरशी येते व भाव पडतो. वर्षभराचे श्रम अशा रीतीने तासाभरात वाया जातात.

शासकीय मदतीसाठी पूर्वी निम्म्याहून अधिक पीकहानी आवश्यक होती. २०१५ मध्ये ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आली. गारपीट केंद्राच्या आपत्तियादीत आहे. अवेळी पाऊस व वीज कोसळणे यांस राज्य शासनाने आपत्ती मानले. तथापि हानीचे मोजमाप मुख्यतः शेतातील पिकावरून होते. खळ्यावर वाळत घातलेली हळद या मापात सहज बसत नाही. विजेने शेतमजूर, गुराखी व जनावरे दगावतात. झाडाखालील आसरा विशेष घातक होय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या ‘दामिनी’ या भ्रमणध्वनी-प्रणालीद्वारे विजेची पूर्वसूचना मिळते. हळदीसाठी मात्र ताडपत्री व पक्के छप्पर हेच खात्रीचे संरक्षण ठरते.