एका नांवाची साक्ष

कोलंबस हिंदुस्थानाच्या शोधार्थ निघाला, भलत्याच किनाऱ्यास लागला, आणि तेथील रहिवाशांस त्यानें 'इंडियन' म्हटलें, ही गोष्ट आपण शाळेंत असतांना हंसून वाचतों. या चुकीनें साडेतीनशेंहून अधिक वर्षांनंतर एका खुन्यास फांसावरून सोडविलें, हें मात्र शाळेच्या पुस्तकांत सहसा येत नाहीं. ज्या देशाच्या नांवावरून तो शब्द निघाला त्या देशाचे आम्ही. तेव्हां हा खटला आपल्या वाचकांपुढें ठेवणें आम्हांस उचित वाटतें.

इ. स. १८४८ मध्यें कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें. दक्षिण चीनमधील क्वांगटुंग प्रांताचे लोक त्या मुलुखास 'सोन्याचा डोंगर' म्हणूं लागले, आणि एकट्या १८५२ सालीं सुमारें २०,००० चिनी तेथें उतरले. गोऱ्यांनीं टाकून दिलेल्या जागांतील वाळू पुन्हां धुऊन त्यांतले पुष्कळजण पोट भरीत. परदेशी खाणकऱ्यांवर दरमहा तीन डॉलरांचा, पुढें चार डॉलरांचा कर बसला. तो मुख्यतः यांच्याच खिशांतून निघे. कर घेतांना सरकारास चिनी माणूस स्पष्ट दिसत होता, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

१८५३ सालीं नेव्हाडा परगण्यांत जॉर्ज हॉल या गोऱ्यानें लिंग सिंग नांवाच्या चिनी खाणकऱ्यास गोळी घालून ठार केलें. चिनी साक्षीदारांच्या जबान्या झाल्या, ज्यूरीनें हॉलला दोषी ठरविलें व फांशीची शिक्षा सुनावण्यांत आली. येथवर सर्व यथास्थित.

अपिलांत मात्र साक्ष खरी कीं खोटी हा प्रश्न बाजूस राहिला आणि साक्षीदार कोणत्या वर्णाचे, हा पुढें आला. काळा, मिश्रवर्णी किंवा इंडियन मनुष्य गोऱ्याच्या बाजूनें अगर विरुद्ध साक्ष देऊं शकणार नाहीं, असा १८५० चा कायदा होता. त्यांत 'चिनी' हा शब्द कोठेंच नव्हता. मुख्य न्यायाधीश ह्यू मरे यांनीं १८५४ सालीं तो निवाड्यानें आंत घातला. त्यांचें म्हणणें असें: कोलंबसास आपण चीनच्या समुद्रांतील बेटावर पोंचलों असें वाटलें, तेव्हांपासून 'इंडियन' या नांवांत अमेरिकेंतील मूळ रहिवासी व आशियांतील लोक हे दोन्ही येतात, सबब चिनी हे इंडियन! कोणास हें न पटलें तर दुसरी तजवीज होतीच: 'काळा' म्हणजे जो गोरा नाहीं तो प्रत्येकजण. पहिलें कारण पुरेसें भक्कम असतें तर दुसऱ्याची गरज काय होती, अशी शंका आम्हांस येते. खरें कारण निवाड्याच्या शेवटच्या भागांत दडलेलें नाहीं, उघडच आहे. आज यांस साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत येऊं दिलें, तर उद्यां हे मत देतील, ज्यूरींत बसतील, न्यायासनावर व कायदेमंडळांतही येतील, ही धास्ती मरे यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे. तिघांपैकीं एका न्यायाधीशाचें मत विरुद्ध पडलें. त्याचा उपयोग झाला नाहीं. हॉल सुटला.

या निवाड्याचें फळ समजण्यास कायद्याचें ज्ञान नको. चिनी माणसास लुटावयाचें अगर मारावयाचें असेल तर गोऱ्यादेखत मारूं नये, एवढी खबरदारी गोऱ्या गुन्हेगारास पुरे. १८६३ सालीं काळ्यांवरील बंदी उठली, पण त्याच वर्षीं 'चिनी' हा शब्द कायद्यांत स्पष्ट लिहिला गेला. एकाचें तोंड उघडलें तेव्हां दुसऱ्याचें शिवलें गेलें.

२४ ऑक्टोबर १८७१ रोजीं लॉस एंजेलिस शहरांत चिनी टोळ्यांच्या गोळीबारांत एक गोरा मेला. त्यावरून सुमारें ५०० लोकांचा जमाव चिनी वस्तींत शिरला आणि रात्रींतून अठराएक चिनी मारले गेले. बहुतेकांस फांसावर लटकविलें. मृतांत एक वैद्यही होता. बंदी चालूच असल्यामुळें या हत्याकांडांतून वांचलेल्या चिनी लोकांस गोऱ्या आरोपींविरुद्ध कोर्टांत बोलतां येत नव्हतें. तरीही आठजणांवर मनुष्यवध शाबीत झाला. १८७३ सालीं वरिष्ठ कोर्टानें तो निकाल रद्द केला. कारण, त्या वैद्याचा खून झाला असें दोषारोपपत्रांत स्पष्ट लिहिलेलें नव्हतें.

१८७२ सालच्या नव्या संहितांतून साक्षबंदी वगळली गेली. त्या अमलांत आल्या १८७३ च्या आरंभीं. ते आठजण सुटले तेही त्याच वर्षीं.