दहा पैसे आणि एक आणा

पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, सी. भाषा कोणतीही असो, शिकणारा कधी ना कधी एका प्रश्नाशी अडतोच: ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ का येत नाही? पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट एकमुखाने सांगतात, ०.३०००००००००००००००४. सी छापताना आकडा गोल करून दाखवते, पण ०.३शी तुलना केली की तीही 'समान नाही' म्हणते. वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या लोकांनी घडवलेल्या भाषा एकच चूक इतक्या तंतोतंत कशा करतात?

कारण ही चूक भाषेची नाहीच. आपल्या दशमान पद्धतीत एक-तृतीयांश पूर्ण लिहिता येत नाही, ०.३३३… असा तो पुढे चालतच राहतो. संगणकाकडे ० आणि १ हे दोनच अंक. त्यामुळे अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश त्याला नेमके लिहिता येतात. एक-दशांश मात्र ०.०००११००११००११… असा कधीच संपत नाही. कुठेतरी तोडावाच लागतो.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. पावकी, निमकी, पाऊणकी घोकणाऱ्या पिढ्यांचा हिशोब असाच अर्ध्याच्या अर्ध्याने चाले. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. एक आणा म्हणजे रुपयाचा षोडशांश, आणि तो संगणकाला चार द्विमान स्थळांत नेमका मांडता येतो. (पै मात्र पैशाची एक-तृतीयांश, ती इथेही अडते.) १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. माणसांची सोय झाली, पण दहा पैसे ही रक्कम रुपयाच्या अपूर्णांकात लिहायची तर संगणकाला ती कायमची अंदाजेच साठवावी लागते.

यंत्रांनी दोनचा पाया का धरला? कोनराड त्सुझेचं बर्लिनमधलं झेड-३ हे यंत्र १९४१मध्येच द्विमान पद्धतीवर चाले. अमेरिकेतला एनिॲक मात्र दशमान होता. १९४६मध्ये बर्क्स, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी आपल्या अहवालात द्विमानाची बाजू घेतली: चालू आणि बंद या दोन अवस्था ओळखणारं मंडळ बांधायला सोपं.

पण पाया ठरला म्हणून इमारत एकसारखी झाली नाही. आयबीएमच्या १९६४च्या सिस्टिम/३६०ने अपूर्णांकांसाठी सोळाचा पाया घेतला, इतरांनी आपापले वेगळे नियम केले. तोच प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर नेला की उत्तर बदले. काही यंत्रांवर तर तुलनेत शून्य नसलेली संख्या १ने गुणली की शून्य होई.

१९७७मध्ये या गोंधळावर समिती बसली. बर्कलीचे गणिती विल्यम काहान तेव्हा इंटेलला सल्ला देत होते. त्यांच्या आराखड्याच्या आधारे इंटेलची ८०८७ ही चिप १९८०मध्ये आली आणि १९८५मध्ये आयईईई ७५४ हे मानक मंजूर झालं. काहान यांना १९८९चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. चूक नाहीशी झाली नाही, पण ती सगळीकडे सारखी आणि आधी सांगता येण्याजोगी झाली. माझ्या मते ही त्या मानकाची खरी कमाई. आज आपल्या भाषा एकमुखाने चुकतात, त्या याच शिस्तीमुळे.

शिस्त पाळली तरी तोडलेला भाग कुठे साचतो, हे बघावंच लागतं. २५ फेब्रुवारी १९९१. सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये पॅट्रियट क्षेपणास्त्रयंत्रणा सलग सुमारे शंभर तास चालू होती. ती वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजे आणि त्या एक-दशांशाचं रूप २४ बिटांत तोडलेलं होतं. दर टिकेला चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी. शंभर तासांत छत्तीस लाख टिका झाल्या आणि घड्याळ ०.३४ सेकंदांनी चुकलं. तेवढ्यात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जातं. यंत्रणेने ते चुकीच्या जागी शोधलं. अठ्ठावीस अमेरिकी सैनिक ठार झाले. सुधारित सॉफ्टवेअर धाहरानला दुसऱ्या दिवशी पोचलं.

पैशांच्या हिशोबाला पर्याय जुनाच आहे. कोबोलने दशमान अंकांची सोय पहिल्यापासून ठेवली. जावात बिगडेसिमल आहे, पायथनमध्ये डेसिमल आहे. २००८च्या सुधारणेत खुद्द आयईईई ७५४मध्येही दशमान रूपं आली. सगळ्यात साधा उपाय म्हणजे रुपयांऐवजी पैसे पूर्णांकात साठवणं.

बाकी ठिकाणी आम्ही नवख्यांना सांगतो, 'बरोबर समान आहे का ते तपासू नकोस, फरक पुरेसा लहान आहे का ते बघ.' सल्ला योग्यच आहे. पण 'पुरेसा लहान' म्हणजे किती, हे कोणतीही भाषा सांगत नाही. ते ठरवायला आकडा कशासाठी वापरणार आणि किती वेळा वापरणार, हे माहीत असावं लागतं.