फाशांच्या खेळातले बायबल

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत तीन पातळ पुस्तिकांच्या रूपाने बाजारात आला, तेव्हाच बायबल त्यात शिरलेले होते. खेळाडूला घेता येणाऱ्या सोंगांपैकी एक ‘क्लेरिक’चे, म्हणजे चिलखत चढवून लढणाऱ्या धर्मगुरूचे. त्याला धारेचे शस्त्र वर्ज्य. गदेने कवटी फोडायला मात्र हरकत नाही. काठ्यांचे साप करणे, किड्यांचे थवे सोडणे, मेलेल्याला उठवणे हे त्याचे मंत्र मोशे, अहरोन आणि संदेष्ट्यांच्या कथांची आठवण करून देतात. गंमत म्हणजे पाणी दुभंगण्याचा मंत्र जादूगाराच्या यादीत गेला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या कर्त्यांनी चमत्कार घेतले, श्रद्धेचा प्रश्न मात्र बाजूला ठेवला.

पुढच्या दहा वर्षांत काही ख्रिस्ती विरोधकांच्या नजरेत हाच खेळ सैतानी ठरला. जॅक चिक यांची ‘डार्क डंजन्स’ ही चित्रपुस्तिका १९८४ची. तिच्यात खेळणारी मुलगी थेट चेटकिणींच्या गोटात पोहोचते. त्याच वर्षी डिक वुल्फ यांनी ख्रिस्ती मुलांसाठी ‘ड्रॅगनरेड’ काढला. त्यातल्या वीरांचे गुण प्रीती, आनंद, सहनशीलता असे, गलतीकरांस पत्रातल्या आत्म्याच्या फळांवरून घेतलेले. ड्रॅगनच्या गुलामाशी गाठ पडली की खेळाडूने योग्य वचन तोंडपाठ म्हणून दाखवायचे, मग त्याचा प्रभाव पडायचा. पाठांतर हेच शस्त्र. हेतू सरळ होता, पण वचन उच्चारताच परिणाम होतो म्हटल्यावर ते मंत्रासारखेच वागू लागते, आणि विरोधकांचा मूळ आक्षेप तर मंत्रांवरच होता. काही ख्रिस्ती टीकाकारांनी ‘ड्रॅगनरेड’लाही त्याच पंक्तीत बसवले.

स्कॉट बेनी यांच्या ‘टेस्टामेंट’ने (२००३) बायबलकडे इतिहासाचा काळ म्हणून पाहिले. इस्राएली, कनानी, मिसरी, बाबेली अशा कोणत्याही बाजूने त्यात खेळता येते. पुण्याईचा हिशोब मात्र आकड्यांतच राहिला.

व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’ने (२००४) तो हिशोबच काढून टाकला. मॉर्मन परंपरेवर बेतलेल्या पश्चिम अमेरिकेत तरुण धर्मरक्षक गावोगाव फिरतात. अंगात आप्तांनी हाताने शिवलेला गोधडीसारखा कोट. गाव रचण्याचीही रीत ठरलेली: कोणाचा तरी अहंकार, त्यातून अन्याय, अन्यायातून पाप, पुढे खोटी शिकवण आणि शेवटी खून. समजा, नवऱ्याचा मार सोसणारी बाई दुसऱ्या घरात राहायला गेली आहे. पाप कोणाचे? खेळ चालवणाऱ्याने यावर निवाडा द्यायचा नाही, अशी नियमांची सक्त ताकीद आहे. वाद फासे टाकून लढवायचा; आधी तो बोलण्यावर चालतो. फासे कमी पडले तर माघार घ्यायची, नाहीतर मुठी वळायच्या, त्याहून पुढे बंदूक काढायची. पायरी चढावी तसे नव्या फाशांचे बळ मिळते आणि इजाही वाढते. हट्टाची किंमत इथे फाशांतच मोजली जाते, आणि म्हणून धर्मविषयक खेळांत हीच रचना सर्वांत पक्की वाटते.

बेकर यांनी पुढे हा खेळ विक्रीतून काढून घेतला. त्याचे नियम नंतर दुसऱ्या लेखकाने ‘डॉग्ज’ या नावाने वेगळे काढले. त्यात मॉर्मन पार्श्वभूमी नाही.