किंकाळी कुणाची?

भीतीच्या सिनेमाची जाहिरात म्हटलं की अंधारच आठवतो. पण १९६० साली अमेरिकेत ‘सायको’ आला, तेव्हा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक स्वतःच जाहिरातीत आले. घर दाखवणाऱ्या दलालासारखे भर उजेडात खोल्या दाखवत फिरतात. मागे हलकंफुलकं संगीत. सहा मिनिटं नुसत्या गप्पाच! शेवटी लख्ख धुतलेलं न्हाणीघर. ते पडदा सर्रकन ओढतात. कॅमेरा थेट किंचाळणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर, सोबत व्हायोलिनचा कर्कश आवाज. डोळे मिटून ऐकलं तरी दचकायला होतं. सिनेमात न्हाणीघरात मरते ती जॅनेट ली. जाहिरातीत किंचाळते ती मात्र व्हेरा माइल्स, सिनेमातली तिची बहीण. तिकिटं खपवायला बाईची किंकाळी हवी होती. बाई कुठलीही चालली.