पापाचा वाटेकरी आणि पापाची झळ

वाल्याचा दृष्टांत कीर्तनात ऐकला नाही असा वारकरी सापडणार नाही. नारदमुनी त्याला घरी पाठवतात, तुझ्या पापात वाटेकरी कोण ते विचारून ये म्हणतात. बायको नाही म्हणते, पोरे नाही म्हणतात. इथे टाळ वाजतो, श्रोते माना डोलावतात. पण त्या रानात ज्यांची गाठोडी गेली, जीव गेले, त्यांच्या घरी त्या रात्री चूल पेटली का? पापात वाटेकरी नसतो हे खरे. पापाची झळ मात्र पुष्कळदा ज्याने पाप केले नाही त्यालाच आधी लागते.

हे मनात घोळायला आमचा शेजार कारण झाला. मीरा-भाईंदरच्या या सिल्व्हर पार्कातून पश्चिमेला गेले की डोंगरी, उत्तन ही पोर्तुगीज अमदानीपासूनची ख्रिस्ती वस्तीची गावे लागतात. त्यांच्या मिस्सेच्या आरंभी एक प्रार्थना असते. तीत माणूस आपले पाप देवापुढे कबूल करतो आणि शेजारी उभ्या असलेल्या भावाबहिणींपुढेही करतो. देवाचा अपराध केला, तर शेजाऱ्यापुढे कशाला बोलायचे? त्यांचे म्हणणे असे की आपण सारे एका देहाचे अवयव आहोत. बोटाला गळू झाले की ताप अंगभर येतो.

त्यांच्या ग्रंथात यहोशवाच्या पुस्तकात आखानाची कथा आहे. यरीहो नगर पडले तेव्हा लुटीला हात लावायचा नाही अशी आज्ञा होती. याने एक झगा, थोडी चांदी आणि सोन्याची एक वीट तंबूत पुरून ठेवली. कोणाला पत्ता नाही. पुढच्या, आय गावच्या लढाईत इस्राएलची ३६ माणसे पडली. त्यांना त्या सोन्याची वार्ताही नव्हती. कथेच्या शेवटी आखानाबरोबर त्याच्या मुलामुलींवरही दगड पडतात. ते मला वाचवत नाही. पण त्याच बायबलात पुढे यहेज्केल संदेष्टा स्पष्ट सांगतो की बापाच्या दोषाचा भार मुलाने वाहायचा नाही. म्हणजे झळ वेगळी आणि दोष वेगळा, हा निवाडा त्यांच्या घरातही झालेला आहे.

आपल्या घरात तो आळंदीला झाला नाही. विठ्ठलपंत संन्यास घेऊन, गुरूंच्या आज्ञेने परत गृहस्थ झाले. त्यांचे चुकले की नाही यावर शास्त्री भांडोत. चार लेकरांचे काय चुकले होते? मुंज नाही, पंगत नाही, गावाचा शब्द नाही. परंपरा सांगते की आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तरीही मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. ते शके १२०९ साली मिळाले. झळ लागलेल्या मुलांवर गावाने दोषही लादला. हे दुसरे पाप, आणि ते मोठे. त्याचा झेंडा मात्र धर्माचा होता.

ज्ञानोबांच्या त्या ओवीतच पुढे एका परक्या माणसाने ख्रिस्तकथा रचली. फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, १५७९ साली गोव्यात उतरले. १६१६ साली त्यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. त्यात आदामाची कथा येते. एकाने आज्ञा मोडली आणि सारे मानवकुळ त्यात सापडले. त्यावर त्यांचे उत्तरही तसेच आहे की एकाच्या बलिदानाने साऱ्यांचा उद्धार होतो. आमची वाट नामाची. पण नामाला आपल्याकडेही संगत लागते, दिंडी लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

ते लिहिण्याआधी स्टीफन्स यांनी साष्टीत जे पाहिले, ते मला ओव्यांइतकेच महत्त्वाचे वाटते. फिरंग्यांनी साष्टीतली देवळे पाडली होती. १५ जुलै १५८३ रोजी चर्चसाठी जागा पाहायला म्हणून पाच जेझुइट कुंकळ्ळीला आले. रुदोल्फ आक्वाव्हिवा त्यांत होते. ते पूर्वी अकबराच्या दरबारी राहून आलेले. गावाने त्या पाचांना, आणि त्यांच्या सोबतीच्या काही जणांनाही, ठार केले. देवळे पाडायचा हुकूम काढणारे दुसरे, मेले दुसरे. ती प्रेते मिळवून माती देण्याचे काम स्टीफन्स यांच्यावर आले. मग फिरंग्यांनी गावच्या मुख्य गावकरांना बोलणी करायची म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि चौकशी न करता मारले. गावांच्या जमिनी गेल्या. खटला नाही, कोणाचा हात होता याची विचारपूस नाही. आळंदीत शास्त्राच्या नावाने झाले, इथे तलवारीने.

कुंकळ्ळीकरांची शांतादुर्गा त्या धामधुमीत फातर्प्याला गेली. तिचे देऊळ आजही तिथेच आहे. दरवर्षी फाल्गुनात तिची मिरवणूक फातर्प्याहून कुंकळ्ळीला, आपल्या मूळ जागी येते. पुढे बारा वांगडांच्या बारा छत्र्या असतात, गुलाल उधळलेला असतो. त्या मिरवणुकीत कुंकळ्ळीचे ख्रिस्ती गावकरही येतात, कारण वांगड त्यांचेही तेच.