वजन उतरवणारा माणूस

आपल्या भाषेत वजनाला फार मान. गावातला बडा तो ‘वजनदार’ माणूस. अडलेले काम व्हायचे तर कुणीतरी आपले ‘वजन’ खर्ची घालायचे. आणि कचेरीतल्या कागदावर जे ‘वजन’ ठेवावे लागते त्याविषयी तर न बोललेलेच बरे. अशा मुलखात वाढलेल्या मला, उमेदीची वर्षे वजन कमी करण्यात घालवणाऱ्या एका इटालियन इंजिनियरची हकीगत कळली, तेव्हा मोठी मौज वाटली.

त्याचे नाव जुलिओ चेझारे कार्कानो. जन्म १९१० चा. कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो देल लारिओ नावाचे गाव आहे. मागे डोंगर, पुढे पाणी. तिथल्या मोटो गुझ्झी कारखान्यात १९२१ पासून मोटरसायकली बनतात. कार्कानो तिथे १९३६ साली नोकरीला लागला.

महायुद्धानंतर शर्यतींच्या जगात चार सिलिंडरांचे वारे वाहू लागले. जिलेरा आणि आगुस्ता या इटलीतल्याच कारखान्यांनी ती वाट धरली. चार लहान पिस्टन एका मोठ्या पिस्टनपेक्षा भराभर हलतात, म्हणून शक्ती जास्त. गुझ्झीच्या ३५० सीसीच्या गाडीला मात्र एकच सिलिंडर, आणि तोही आडवा झोपलेला! अगदी १९५७ सालीसुद्धा त्यातून निघत होती ती सुमारे ३८ अश्वशक्ती.

शक्ती वाढत नसेल तर ओझे उतरवावे, असा कार्कानोचा सरळ हिशेब. पण गंमत पाहा, हा हिशेब चक्रवाढ व्याजासारखा चालतो. गाडी हलकी झाली की तिला थांबवायला लहान ब्रेक पुरतात. ब्रेक लहान म्हणजे चाक हलके. हलक्या गाडीला पेट्रोल कमी लागते, म्हणून टाकी लहान. त्यातही चाकाच्या कडेवरचे वजन सगळ्यांत महाग. ते पुढेही धावते आणि गरगर फिरतेही. म्हणून वेग घेताना तिथला एक किलो दोन किलोंइतका भारी पडतो.

वजन उतरवणे म्हणजे दिसेल तिथे भोके पाडणे, असा एक समज आहे. तरुणपणी आमच्या आळीतल्या एका मित्राने आपल्या मोटरसायकलच्या ब्रेकच्या दांड्याला हौसेने सहा भोके पाडली. घाटाच्या उतारावर दांडा नेमका तिसऱ्या भोकाशी तुटला, आणि स्वारी करवंदीच्या जाळीत विसावली. काटे काढायला मी होतो. कुठला भाग ताण सोसतो आणि कुठला नुसता बसून खातो, हे आधी ओळखावे लागते. शर्यतीच्या इंजिनातला कनेक्टिंग रॉड आरशासारखा घासतात तो शोभेसाठी नव्हे. बारीकशा ओरखड्यापासूनच तडा जायला सुरुवात होते.

कार्कानोने मॅग्नेशियमच्या मिश्रधातू वापरल्या. कारखान्याचा स्वतःचा वायुबोगदा होता; त्यात स्वारासकट गाडी उभी करून वारा कुठे अडतो ते पाहता येई. १९५७ साली तर त्याने उलटीच चाल केली. सगळे आखूड स्ट्रोककडे पळत असताना हा लांब स्ट्रोककडे परतला. पिस्टनचा व्यास ७५ मिलिमीटर, स्ट्रोक ७९. इंजिन कमी फेऱ्यांतही नेटाने ओढू लागले, आणि वळणातून बाहेर पडताना तेच हवे असते. गाडीचे वजन भरले ९८ किलो. आपल्याकडचे क्विंटलचे धान्याचे पोते याहून दोन किलो जड!

या एकसिलिंडरी गाड्यांनी १९५३ ते १९५७ अशी सलग पाच वर्षे ३५० सीसीची जागतिक अजिंक्यपदे मिळवली. पहिली दोन फर्गस अँडरसनची, पुढची दोन बिल लोमासची. शेवटचे वर्ष चुरशीचे. जर्मनी आणि आईल ऑफ मॅन इथल्या पहिल्या दोन्ही शर्यती जिलेराच्या चार सिलिंडरांनी मारल्या. मग ऑस्ट्रेलियाच्या कीथ कँपबेलने हॉलंड, बेल्जियम आणि अल्स्टर या तिन्ही शर्यती ओळीने जिंकल्या, आणि मोटरसायकलचे जागतिक अजिंक्यपद मिळवणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन ठरला.

आता या साध्या गाडीच्या जनकाची दुसरी बाजू ऐका. याच कार्कानोने त्याच काळात ५०० सीसीसाठी आठ सिलिंडरांचे आणि आठ कार्ब्युरेटरांचे इंजिन रचले! मला हे विसंगत वाटत नाही. कांदा-भाकरीची गोडी सांगणारा माणूस लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाला नाही म्हणतो थोडाच! पण त्या अचाट यंत्राला एकही जागतिक अजिंक्यपद लाभले नाही.

१९५७ च्या अखेरीस गुझ्झी आणि जिलेरा दोघांनीही खर्चापायी शर्यतींतून अंग काढून घेतले. कँपबेलला दुसरी गाडी शोधावी लागली. १९५८ च्या जुलैत फ्रान्समधल्या कादूर इथे, नॉर्टनवर धावताना त्याला अपघाती मृत्यू आला. अजिंक्यपदाला वर्षही झाले नव्हते.

कार्कानोने पुढे गुझ्झीचे प्रसिद्ध दोन सिलिंडरांचे ‘व्ही’ इंजिन आखले. आजही कारखान्याची ओळख त्याच घडणीवर आहे. नोकरी सुटल्यावर तो शिडाच्या नौका आखण्यात रमला. २००५ साली, पंचाण्णवाव्या वर्षाच्या आसपास, तो वारला.