जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर
जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर हे मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील संमेलन व प्रदर्शन केंद्र आहे. रिलायन्स उद्योगसमूहाच्या १८.५ एकरांवरील जिओ वर्ल्ड सेंटरचा भाग असलेले हे केंद्र २०२२ मध्ये खुले झाले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे १४१वे अधिवेशन ऑक्टोबर २०२३ मध्ये येथे भरले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील क्रिकेटच्या समावेशावर त्यातच शिक्कामोर्तब झाले.

संकुलालगत मिठी नदी वाहते, मात्र केंद्रात येणाऱ्यांना तिचे अस्तित्व क्वचितच जाणवते. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांचे पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीला मिळते. संकुलाची बरीचशी भूमी तिच्या काठच्या दलदलीत भराव घालून घडवलेली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. आक्रमणे व भराव यांमुळे आक्रसलेल्या पात्राचे रुंदीकरण त्यानंतर हाती घेण्यात आले.

प्रवेश सामान्यतः कार्यक्रमाच्या तिकिटावर किंवा नोंदणीवर मिळतो. मेट्रो मार्गिका ३ चे स्थानक संकुलात आहे. मुरुड-अलिबागकडून मांडवामार्गे गेटवेला उतरणाऱ्यांना हुतात्मा चौक स्थानकातून ही मेट्रो मिळते. पावसाळ्यात मात्र गेटवेची बोटसेवा बंद असते.